वाडीच्या पलीकडे समुद्र

फोन वाजतो आणि पहिलाच प्रश्न येतो, "सी-व्ह्यू आहे ना?" कोकणकिनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांना तो आता पाठ झाला आहे. पाठोपाठ एसी, मग मासे, मग गाडी आत लागते का. दराची घासाघीस सगळ्यात शेवटी. उत्तरही ठरलेले असते, "समुद्र दोन मिनिटांवर आहे." ती दोन मिनिटे पायी की गाडीने, हे तिथे पोहोचल्यावर कळते. खोलीतून समुद्र दिसत नाही आणि दिसत नाही तेच बरे, हे मात्र घरमालक सांगत बसत नाहीत. फोनवर ते पटण्यासारखे नसते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर पाहावे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळामार्गे या, नाहीतर मुरूडकडून येऊन आगरदांडा-दिघी फेरीबोटीत गाडी चढवून खाडी ओलांडा. गावात शिरताना समुद्र नेमका कुठे आहे ते कळत नाही. अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना गडगे, गडग्यांआड कौलारू घरे आणि घरांच्या डोक्यावर पोफळी. चार-पाच किलोमीटर लांबीची सपाट पुळण इतकी जवळ असूनही रस्त्यावरून तिचा पत्ता लागत नाही. घर, घरामागे वाडी, वाडीमागे सुरूचे बन आणि त्यानंतर वाळू, असा इथला क्रम आहे. गुहागरची ठेवणही अशीच. एका लांबलचक रस्त्याच्या कडेने वस्ती आणि रस्त्यापासून समुद्रापर्यंत गेलेल्या वाड्यांच्या अरुंद पट्ट्या.

जुन्या घरांनी समुद्राकडे पाठ केली ती काही सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो आणि त्यासोबत खारही आणतो. अशा वाऱ्याच्या तोंडाशी ओसरी कोण काढील? शिवाय पुळण ही कामाची जागा होती. तिथे होड्या ओढून ठेवायच्या, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची. अनेक गावांत स्मशानही तिकडेच. तिन्हीसांजेला पोरे तिकडे रेंगाळली तर ओरडा बसे. आज जाहिरातीत 'बीच टच' म्हणून ज्या कोपऱ्याचा भाव चढवला जातो, तो एकेकाळी वाडीचा सगळ्यात दुर्लक्षित कोपरा होता.

या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे रस्ता आणि वाळू यांच्या मध्ये, कोकणातले कॉटेज उभे राहिले. पाहुणा पैसे मोजतो समुद्राचे. पण चोवीस तासांतले तो समुद्रावर किती घालवतो? सकाळचा तास-दीड तास, संध्याकाळचे दोन. उन्हे चढली की वाळू पायाखाली घेववत नाही. उरलेला सगळा वेळ तो वाडीत असतो. झोपाळ्यावर, खाटेवर, जेवणाच्या पंगतीत. त्याला हवीहवीशी वाटणारी सावली वाडीची, आंघोळीचे गोडे पाणी वाडीतल्या विहिरीचे आणि ताटातला नारळही वाडीचाच. बिलावर वाडीचे नाव कुठे नसते.

पोफळीची वाडी ही मजल्यामजल्यांची शेती आहे. वरच्या मजल्यावर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, मधल्या जागेत जायफळ, खाली केळी आणि अळू. श्रीवर्धनची 'रोठा' सुपारी मोठ्या आकारासाठी आणि मऊ गरासाठी नावाजलेली. पोफळीला ऊन कमी आणि पाणी भरपूर लागते. पूर्वी रहाटाने आणि आता पंपाने उपसलेले पाणी पाटांतून प्रत्येक झाडाच्या आळ्यात खेळवायचे. झाडावर चढून सुपारी उतरवणारा माणूस मिळणे वर्षागणिक अवघड होत चालले आहे. चढणाऱ्यांची पोरे मुंबई-पुण्याला गेली, राहिले त्यांचे वय झाले. वाडीचा खर्च असा वाढत असताना घराच्या दोन खोल्या रिकाम्या पडलेल्या होत्या. त्या भाड्याने देण्याचे बीज तिथे आहे.

दिवेआगरात त्याला खरा जोर आला तो एका अनपेक्षित गोष्टीने. १९९७ च्या नोव्हेंबरात एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सुवर्णगणेश म्हणून तो गावच्या देवळात बसला आणि दर्शनाला रांगा लागल्या. लांबून आलेली माणसे एका दिवसात परतणार कशी? घराघरांतून आधी जेवणाची, मग झोपण्याची सोय झाली. पुढे मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. देवळाचे दोन रखवालदार मारले गेले आणि मुखवटा चोरीला गेला. दरोडेखोर पकडले गेले, पण तोवर सोने वितळवले गेले होते. जप्त केलेल्या सोन्यातून नव्याने घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये परत बसवला गेला. मधल्या काळात देवदर्शनाची गर्दी आटली, तरी घरे बंद पडली नाहीत, कारण तोवर येणारा माणूस बदलला होता. देवासाठी येऊन जाताजाता समुद्र पाहणाऱ्यांची जागा समुद्रासाठी येऊन जाताजाता देवाला हात जोडणाऱ्यांनी घेतली होती.

जाताजाता आणखी एक. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, ताम्रपट सापडला. आरंभीच्या मराठी कोरीव लेखांत त्याची गणना होते. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे त्याहूनही जुना. आक्षी-नागाव हेदेखील आज कॉटेजांचे गाव आहे. मराठी लिहिलेली सापडते त्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी दोन ठिकाणी आज शनिवार-रविवारी पार्किंगला जागा नसते. आलेल्यांपैकी फार थोडे आक्षीचा शिलालेख पाहायला थांबतात. थांबले तरी तिथे सेल्फीपलीकडे करण्यासारखे फारसे काही नाही, हेही खरेच.

आता कायद्याकडे. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'सीआरझेड'ची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, हा तिचा गाभा. २०११ ला ती नव्याने आली, जानेवारी २०१९ ला पुन्हा. २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ही मर्यादा ५० मीटरपर्यंत खाली आणली; दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसे. बाकी ठिकाणी २०० मीटर कायम राहिले. पुळणीवर तात्पुरत्या टपऱ्या, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या यांना भरतीरेषेपासून १० मीटर सोडून वाट दिली गेली, आणि स्थानिकांना आपल्या असलेल्या घरात, जोते न वाढवता, पाहुणे ठेवायची मुभा मिळाली.

कागदावर हे सरळ दिसते. जमिनीवर मोजायचे कुठून, इथून भांडण सुरू होते, कारण भरतीरेषा म्हणजे काही रंगवलेली पट्टी नव्हे. ज्याची वाडीच मुळात समुद्रापासून दोनशे मीटरच्या आत आहे, त्या शेतकऱ्याला वाडीत दोन खोल्या काढायलाही कागद मिळत नाही; आणि त्याच किनाऱ्यावर कुठेतरी कोणाचा तरी बंगला उभा असलेला तो रोज पाहतो. नियम निसर्गासाठी योग्य आणि अंमल माणूस पाहून, अशी ही तक्रार अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. तरीही एवढे म्हटलेच पाहिजे की कोकणाची पुळण आज जेवढी मोकळी आहे, ती या दोनशे मीटरमुळे. हा नियम नसता तर सुरूच्या बनाच्या जागी भिंती असत्या आणि वाडीतल्या खोल्यांना विचारणारे कोणी उरले नसते.

खोली बांधायची कशाची, हाही प्रश्न समुद्रच सोडवतो. जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे. चिरा उन्हापावसात अधिक घट्ट होतो, कौलाखालून हवा खेळते आणि फुटलेले एक कौल बदलायला गवंडी लागत नाही. सिमेंटच्या स्लॅबचे तसे नाही. खाऱ्या हवेतला क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतो, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर हे काम आणखी लवकर होते. दहा वर्षांच्या इमारतीला चाळिशीच्या सुरकुत्या पडलेल्या इथे पदोपदी दिसतात. एसीच्या बाहेरच्या पेटीचे पत्रे, नळ, बिजागऱ्या, टीव्हीच्या आतले सुटे भाग, सगळ्यांचे आयुष्य शहरातल्यापेक्षा कमी. पाहुण्याला नळावरचा हिरवट थर दिसतो आणि तो 'मेंटेनन्स नाही' असा शेरा देतो. मालकाने तो नळ मागल्या दिवाळीतच बदललेला असतो.

त्याहून नाजूक गोष्ट पाण्याची. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके, म्हणून ते वर. विहीर उथळ असते तोवर हे बिऱ्हाड गुण्यागोविंदाने नांदते. पंप लावून भराभर उपसा केला की खालचे खारे पाणी वर सरकते आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे जावे लागतात. पोफळीला पाणी, घराला पाणी, त्यात सहा खोल्यांचे शॉवर आणि हल्ली हौसेने बांधलेला पोहण्याचा हौद! समुद्र दोन मिनिटांवर असताना हौद कशाला, असे विचारले तर उत्तर तयार असते: पाहुणे मागतात. शोषखड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर हा तर कोणीच उघड न बोलण्याचा विषय. वाळूतून पाणी झरझर मुरते, तसा मैलाही मुरतो. जिथे पूर्वी एक कुटुंब राहत होते तिथे सुट्टीत तीस माणसे राहतात, आणि शोषखड्डा मात्र बऱ्याचदा तोच असतो.

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी समुद्राच्या वेळापत्रकाची एक खूण सांगून ठेवावी. कोळ्यांना आणि जुन्या खलाशांना ती तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला संध्याकाळी ओहोटी असते आणि पुळण ऐसपैस उघडी पडते. अष्टमीच्या आसपास आलेल्याला मात्र सूर्यास्ताला पाणी चढलेले दिसते. त्याला वाटते, फोटोतला समुद्र वेगळा होता. समुद्र तोच, तिथी वेगळी. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो, मालवणकडे तो साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे रायगडच्या सपाट पुळणी ओहोटीला जितक्या लांब जातात, तितक्या दक्षिणेच्या जात नाहीत. शिवाय पावसाळ्यातल्या लाटांनी ओढून नेलेली वाळू थंडीत हळूहळू परत येत असते. दिवाळीत पुळण अजून भरत असते. फेब्रुवारीत ती खरी भरलेली.

हे वेळापत्रक न जाणणाऱ्यांनी जिवाची किंमत मोजली आहे. दिघीच्या खाडीपलीकडच्या मुरूड-जंजिऱ्याला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. शांत दिसणाऱ्या, कंबरभर पाण्याच्या किनाऱ्यावर. ओहोटीला पाणी मागे फिरते तेव्हा सगळीकडून सारखे फिरत नाही. वाळूच्या उंचवट्यांमधल्या घळीतून ते जोराने आत ओढते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे हातपाय मारू नयेत, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. चांगली घरे पाहुण्याला चहासोबत ओहोटीची वेळ सांगतात. भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहिलेला असतो. त्याच्या शेजारी भरतीची वेळ लिहायला खडू पुरेसा आहे.

आणि स्वयंपाकघर. कोकणातल्या घरगुती कॉटेजचा खरा मालक तिथे असतो आणि तो बहुधा बाईमाणूस असतो. "दुपारी जेवायला किती जणं?" हे सकाळी आठला विचारले जाते ते उगाच नव्हे. भरडखोलच्या, श्रीवर्धनच्या जीवना बंदराच्या किंवा दिघीच्या होड्या येतात, त्यावर त्या दिवसाचे ताट ठरते. सुरमई, पापलेट सगळ्यांनाच हवे असते. जाणत्याने मात्र बांगडा, मांदेली, बोंबील जे आले असेल ते खावे, कारण ते आज आलेले असते. काही घरांत फक्त शाकाहारी स्वयंपाक. तिथे बिरड्याची उसळ, अळूचे फदफदे, फणसाची भाजी आणि आगाऊ सांगितले तर उकडीचे मोदक. आदल्या रात्रीपर्यंत सांगायचे असते. जेवायला बसल्यावर "मोदक मिळतील का?" विचारणाऱ्याला मिळतो तो फक्त दही-भात.

पहाटे पाचला नारळ खवण्यापासून रात्री अकराला ओटा पुसेपर्यंतचे हे काम. नोंदणी मात्र कित्येकदा घरातल्या पुरुषाच्या नावावर आणि सातबाराही त्याच्याच. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण आणले. महिलांनी चालवलेल्या पर्यटन व्यवसायांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा, अशी त्यातली मुख्य तरतूद. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा, ही तिची अट. कोकणात जमिनीच्या वाटण्या तीन-तीन पिढ्या रखडतात आणि सातबाऱ्यावर वीस नावे असतात. तिथे व्यवसायाचे कागद बाईच्या नावावर उभे करणे हेच सगळ्यात अवघड काम.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी याच श्रीवर्धन-दिवेआगर-मुरूडच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. टाळेबंदीमुळे खोल्या तशाही रिकाम्या होत्या, म्हणून पाहुण्यांचे काही बरेवाईट झाले नाही. बाकी काही शिल्लक राहिले नाही. कौले उडाली, पत्रे माडांवर जाऊन अडकले, सुरूचे बन आडवे झाले आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. ज्या वाडीत भरदुपारी दिवा लावावा असे वाटे, तिथे जमिनीवर लख्ख ऊन पडले. वीज यायला कितीतरी आठवडे गेले.

भरपाईचा हिशेब आजही ऐकवला जातो. सुरुवातीला फळबागेसाठी हेक्टरी ५० हजार रुपये ठरले. कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. ओरड झाल्यावर झाडागणिक मदत ठरली, नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. शिवाय रोपाला पहिली काही वर्षे सावली हवी, तीसुद्धा द्यायला आता वर काही उरले नव्हते. म्हणून आधी केळी लावायची, केळीच्या सावलीत पोफळ, आणि पोफळ वाढली की पुन्हा पाहुण्याला सावली. ज्यांच्यापाशी खोल्या होत्या त्यांनी टाळेबंदी उठल्यावर मिळालेल्या भाड्यातून रोपे आणली. ज्यांच्यापाशी नव्हत्या त्यांच्यापुढे उघड्या पडलेल्या वाडीत रोपे लावायची की खोल्या काढायच्या, हा प्रश्न उभा राहिला. रोपाचे उत्पन्न सात वर्षांनी, खोलीचे येत्या दिवाळीला. कोणी काय निवडले ते गावातून फिरताना दिसते. जिथे झाडे दिसत नाहीत आणि निळ्या पत्र्याच्या शेड ओळीने उभ्या आहेत, तिथे एप्रिलमध्ये एसीशिवाय बसवत नाही.

योगायोग असा की त्याच जून महिन्यात राज्याने 'बीच शॅक' धोरण मंजूर केले. गोव्याच्या धर्तीवर आठ किनारे निवडले: वर्सोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवे आणि बोर्डी. गोव्यात शॅक हंगामापुरते वाळूवर उभे राहतात आणि पावसाआधी उचलले जातात. तिथली पुळण ही बसण्या-खाण्याची जागा बनून दशके लोटली. इथल्या पाहुण्याची बैठक वाडीत आहे. वाळूवर सगळे मिळू लागले तर तो जेवायला घरी कशाला परतेल, ही घरगुती खाणावळ चालवणाऱ्यांची भीती अनाठायी नाही.

दक्षिणेला तारकर्लीत चित्र जरा निराळे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तिथे सुरूच्या बनात निवासाची सोय केली, सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर कुडाळला उतरून माणूस तासाभरात पुळणीवर पोहोचू लागला. पुढे देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. तिच्यावर माड, घरे आणि आता ओळीने कॉटेजे. इथे पाहुण्याला खरोखर समुद्र दिसतो. तो तसा दिसतो कारण मधली जमीन धुपत चालली आहे. दगडी बंधारा घातला की त्याच्यामागचे घर वाचते आणि बाजूची पुळण खचते, हा अनुभव जुनाच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले तेव्हा या जिभेवरची घरे रात्रभर जागी होती.

मालवणच्या पुळणीला अजून रापण लागते. अर्धवर्तुळात टाकलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी पन्नासेक माणसे ओढत किनाऱ्याला आणतात आणि मिळालेली मासळी वाट्यांनी वाटली जाते. रापणीला मोकळी वाळू लागते आणि होड्या ओढून ठेवायलाही. पॅरासेलिंगचे दोर, पाण्यातल्या स्कूटर, खुर्च्या-छत्र्यांच्या रांगा यांनी ती जागा आखडत जाते. गंमत म्हणजे खुर्चीत बसलेला पाहुणा रापण दिसली की उठून व्हिडिओ काढतो, काहीजण दोराला हातही लावतात. खुर्ची जरा मागे घ्या, एवढेच रापणकरांचे म्हणणे असते.

या सगळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासने वेगळी वाट काढली. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. २००२ मध्ये समुद्री गरुडांचा मागोवा घेणाऱ्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांना इथल्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले कासविणी इथे अंडी घालत होत्या आणि माणसे, कुत्री, कोल्ही ती पळवत होती. घरटी कुंपणात हलवून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम सुरू झाले आणि २००६ पासून कासव महोत्सव. राहायचे कुठे? गावकऱ्यांच्या घरांत. माजघरात गाद्या, परसात न्हाणी, जेवण घरचे. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवले, तिचे नाव 'प्रथमा'.

वेळासच्या पाहुण्याला आणखी एक गोष्ट कळते, ती बाकी किनाऱ्यांनी शिकण्याजोगी. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ असतो तो समुद्राचा क्षितिजाकडचा भाग. कॉटेजच्या फाटकावर झोताचा दिवा लावला की पिल्लू वाडीकडे वळते. मर्यादवेल आणि केवडा काढून 'व्ह्यू' मोकळा केला की वाळूही वाऱ्याबरोबर तिकडेच वळते, कारण तिला बांधून ठेवणारी मुळे तीच होती. दोन्ही चुकांवर उपाय फुकटात होतो. दिवा विझवायचा आणि वेल राहू द्यायची.

हंगामाचा पंचांगाशी मेळ घातला तर वर्षाचे गणित असे दिसते. दिवाळी ते भाऊबीजेनंतरचा आठवडा, नाताळ ते नवे वर्ष, मार्चपर्यंतचे शनिवार-रविवार आणि मे महिना. जून-जुलैत मासेमारी बंद, लाटा रस्त्याच्या आवाजावर मात करतात, तेव्हा येतो तो पाऊस बघणारा एखादा. श्रावणात मासे नकोत म्हणणारे, पितृपक्षात घराबाहेर न पडणारे. अधूनमधून जोडून सुट्ट्या आल्या की मात्र मुंबई-गोवा महामार्गाची रखडलेली कामे, खड्डे आणि माणगावातली कोंडी यांना न जुमानता माणसे येतात आणि खोली मिळाली नाही तर गाडीत झोपतात.

या वर्षात एक आठवडा असा असतो की कितीही दर देऊ केला तरी बहुतेक घरे बाहेरच्या माणसाला खोली देत नाहीत. गणपती. मुंबईचे चाकरमानी भाऊ, त्यांच्या बायका, आत्या, आत्येभाऊ, भाचे सगळे त्याच कॉटेजांत उतरतात. सहा खोल्यांत तीस माणसे, गाद्या कमी पडतात, सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागते, कोणी एसी सोळावर ठेवून झोपतो आणि कोणी नळाच्या हिरवट थराबद्दल तक्रार करतो. फोन वाजला की घरातली बाई पिठाचा हात पदराला पुसून सांगते, "खोल्या फुल आहेत." ते खरे असते. भाडे मात्र कोणी देत नाही, आणि जाताना प्रत्येकजण चार नारळ मागून नेतो.